बहात्तर किलोमीटर, जागच्या जागी

नवस बोलण्यापूर्वी लीलाताईंनी वरदला विचारलं नव्हतं. नवसाची पद्धतच तशी आहे. बोलणारा एक, फेडणारा दुसरा, आणि ज्याच्याशी बोलणं झालं तो त्यावर कधी काही बोलत नाही.

वरद मुळ्ये पाच वर्षं पाणीतपासणीच्या प्रयोगशाळेत हंगामी होता. दर सहा महिन्यांनी त्याची नेमणूक संपायची, मग एक दिवस घरी बसून तो पुन्हा नवा व्हायचा. शेवटी त्याच्या आई आंजर्ल्याच्या गणपतीसमोर हात जोडून म्हणाल्या, "वरद कायम झाला, तर वर्षाच्या आत तो रोज जातो त्याच सायकलने रत्नागिरीहून तुझ्या पायाशी येईल." सप्टेंबरच्या शेवटी ऑर्डर निघाली.

"आई, नारळ का नाही बोललीस?"

"नारळ सगळेच बोलतात. त्यांचा तिथे ढीग पडलाय. लक्षात कोणाचा राहतो?"

वरदने नकाशावर दोरा ठेवून अंतर मोजलं. एकशे बहात्तर किलोमीटर. घर ते प्रयोगशाळा एक पूर्णांक सात दशांश. म्हणजे तो रोज करत होता त्यातल्या एका खेपेच्या साधारण शंभरपट, आणि वाटेतले घाट दोऱ्याला कळले नव्हते.

आठ महिने त्याने हा विषय टाळला. पण मे महिन्यात, २००३ साली, सावर्ड्याच्या ओगल्यांची वैदेही बघायला म्हणून ही मंडळी गेली आणि प्रकरण गंभीर झालं. गंभीर अशासाठी, की वैदेही त्याला फार आवडली. तिने चहा देताना विचारलं होतं, "पाणी तपासता म्हणजे आमचं पाणी प्यायच्या आधी थांबलात ते त्यासाठीच का?" तो खरोखरच त्यासाठी थांबला होता. इतक्या लवकर त्याला आजवर कोणी ओळखलं नव्हतं.

होकार दोन्हीकडून आला. मग लीलाताईंनी जाहीर केलं, की देवाचं देणं डोक्यावर असताना घरात कार्य करणार नाही. वैदेहीचे वडील आप्पा ओगले मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी इंचात मोजल्या होत्या. ते शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे. आधी नवस, मग तारीख. फक्त वेळेत करा. पुण्याचंही एक स्थळ आहे. ते चारचाकीने येतात."

म्हणजे सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत पावणेदोनशे किलोमीटर, नाहीतर पुणे. आणि जून उजाडला होता. आता चार महिने रस्त्यावर सराव करायचा, तर सायकलऐवजी होडी बरी. सराव घरातच करायला हवा होता.

वरदने वही घेतली, चार रकाने आखले आणि वर शीर्षक लिहिलं: "घरात सायकल चालवण्याचं साधन. मर्यादा रुपये पंधराशे." ही मर्यादा त्याने का घातली, तर तेवढेच होते.

पहिला पर्याय परदेशी स्टँड. त्यात मागचं चाक अडकवायचं, ते एका रुळावर फिरतं आणि चुंबकाने पायांना ओझं लागतं. मुंबईच्या दुकानदाराने फोनवर किंमत सांगितली साडेआठ हजार. वरदने विचारलं, "चुंबक नसेल तर किती?" पलीकडून फोन ठेवल्याचं ऐकू आलं.

दुसरा पर्याय जुनी व्यायामाची सायकल. ती त्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर सावित्रीवहिनींकडे होती आणि त्या ती आठशेला द्यायला एका पायावर तयार होत्या. वरद बघायला गेला, तर सायकल दिसेना. हँडलवर दोन परकर, सीटवर टॉवेल, पायट्यांवर मोजे आणि मधल्या दांड्यावर सहावारी पातळ.

"आहे ना, खाली आहे," वहिनी म्हणाल्या. "पण आत्ता कशी देऊ? पावसाळ्यात कपडे कुठे वाळत घालू? ऑक्टोबरात ने."

"मला पावसाळ्यातच हवी आहे, वहिनी."

"पावसाळ्यात मलाही हवी असते रे. नाहीतर ठेवली कशाला असती?"

वरदने वहीत नोंद केली: "उपलब्ध असते तेव्हा गरज नाही, गरज असते तेव्हा उपलब्ध नाही." मग त्याला वाटलं, हे त्याच्या हंगामी नोकरीबद्दलही लिहिता आलं असतं.

तिसरा पर्याय म्हणजे शिवा. शिवाचं खिडक्यांच्या ग्रिलचं वर्कशॉप भाट्याच्या रस्त्याला. वरदने त्याला आलेख-कागदावरचं चित्र दाखवलं. शिवाने ते उलटं धरलं, सुलटं धरलं आणि परत दिलं.

"चित्र कशाला, साहेब? नाप सांगा. नाप असला की शिवा काय पण करतो. फक्त रूळ आणायचा कुठून, ता सांगा."

रूळ हीच अडचण होती. गुळगुळीत, जड, बेअरिंगवर फिरणारा लोखंडी रूळ रत्नागिरीत कोणाकडे असेल? उत्तर शिवालाच सुचलं. त्याच्या चुलतभावाची उसाच्या रसाची गाडी पावसाळ्यात बंद पडून होती, आणि दोन रुळांपैकी एक तर कायमचाच निकामी ठरला होता. चौदाशे रुपयांत स्टँड तयार झाला. रूळ गुळगुळीत नव्हता, त्यावर ऊस पकडायच्या खाचा होत्या, आणि एका टोकाला रसवाल्यांच्या पद्धतीप्रमाणे घुंगरांचा झुबका होता.

"घुंगरू काढ," वरद म्हणाला.

"ऱ्हाऊं द्या. वेल्डिंगमधी गावलेत. काढाया गेलो तर रूळ वाकडा व्हईल."

अशा रीतीने वरदने पंधराशेच्या आत साधन मिळवलं. शंभर रुपये वाचले म्हणून त्याने सायकलचा छोटा मीटर घेतला आणि त्याचा फेरे मोजणारा चुंबक मागच्या चाकाला लावला. पुढचं चाक फिरणारच नव्हतं, तेव्हा तिकडे लावून उपयोग नव्हता. हा विचार त्याने आधीच केला होता. पुढे जे घडलं ते पाहता एवढा एकच विचार त्याने आधी केला होता असं म्हणावं लागेल.

पहिल्या संध्याकाळी त्याने गॅलरीत सायकल चढवली आणि पाय मारले. छुम छुम छुम छुम. इमारतभर रसवंतीचा आवाज गेला. पाचव्या मिनिटाला दारात तीन मुलं पेले घेऊन उभी होती. आठव्या मिनिटाला खालच्या गंगाकाकू आल्या.

"वरद, तुझं काय चाललंय ते चालू दे. पण माझा बाळकृष्ण सरकतो."

"म्हणजे?"

"देव्हाऱ्यात सरकतो. पूर्वेला. मी सरळ ठेवला, परत सरकला."

वरद खाली गेला, पट्टी लावली, आईला वर पायटे मारायला बसवलं आणि पाहिलं. पाच मिनिटांत बाळकृष्ण चार मिलिमीटर सरकला होता, म्हणजे काकूंचं निरीक्षण अचूक होतं. त्याने स्टँडखाली काथ्याच्या दोन जाड चटया घातल्या. सरकणं एक मिलिमीटरवर आलं. "एवढं देवाला चालतं," काकू म्हणाल्या. मुंग्यांवर मात्र उपाय सापडला नाही. रुळाच्या खाचांत चार उन्हाळ्यांचा रस मुरलेला होता, आणि वरद फिरायला लागला की त्याही फिरायच्या.

खरी अडचण वरून आली. सोसायटीचे सेक्रेटरी भास्करकाका रिसबूड कोर्टातून निवृत्त झाले होते. तिथे मुद्देमालाची खोली त्यांच्याकडे होती, त्यामुळे जगातल्या प्रत्येक वस्तूला एक चिठ्ठी बांधलेली असावी, असं त्यांना वाटे. त्यांनी नोटीस काढून सभा बोलावली. विषय एकच: "मुळ्ये यांच्या गॅलरीतील वस्तू."

"ती वस्तू वाहन आहे की यंत्र?" काकांनी विचारलं.

"सायकल आहे, काका."

"सायकल वाहन. वाहन वरच्या मजल्यावर ठेवता येत नाही. नियम अकरा. पार्किंगमध्ये ठेव."

"पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी आहे."

"ते मान्य. मग यंत्र म्हण. पण यंत्र म्हटलंस तर उद्योग आला. नियम सोळा."

"यातून काहीच तयार होत नाही, काका."

"आवाज होतो," गंगाकाकू म्हणाल्या. "पण माझी तक्रार नाही हां. तो नवसाचा आवाज आहे."

दीड तास चर्चा झाली. शेवटी ठराव असा झाला, की वस्तूचं पुढचं चाक काढून सेक्रेटरींच्या ताब्यात द्यावं. त्यामुळे ती वाहन राहत नाही. आणि तिच्यातून काही तयार होत नसल्याने ती यंत्रही ठरत नाही. सूचक रिसबूड, अनुमोदक सावित्रीवहिनी. काकांनी चाकाला सुतळी बांधली, गाठीवर लाख ओतली, त्यावर अंगठी दाबली आणि "मुद्देमाल क्र. १" अशी चिठ्ठी लावून ते स्वतःच्या माळ्यावर कुलपात ठेवलं. पुढचं चाक धरणारा चिमटा वरदने जांभ्याच्या एका चिऱ्यावर टेकवला. चालवायला काही फरक पडत नव्हता, म्हणून त्यालाही काही वाटलं नाही.

जुलै, ऑगस्ट आणि निम्मा सप्टेंबर वरद रोज दीड तास गॅलरीत सायकल मारत होता. पहिल्या आठवड्यात ताशी चौदा, मग सतरा, मग एकवीसवर तो स्थिर झाला. सोसायटीने सल्ला कमी पडू दिला नाही. गंगाकाकूंनी कुळथाचं कढण पाठवलं. सावित्रीवहिनींनी वाकून विचारलं, "तू मारतोच आहेस तर हँडल रिकामं असतं ना रे? दोन उशांचे अभ्रे घालू का?" सप्टेंबरमध्ये त्याच्या हँडलवर अभ्रे होते आणि मीटरवर दोन हजार किलोमीटर. सावर्ड्याला फोन करून त्याने हा आकडा वैदेहीला सांगितला.

"दोन हजार? मग आता तुम्ही कुठवर पोचलात?" तिने विचारलं.

"गॅलरीतच आहे," तो म्हणाला.

पितृपक्ष गुरुवारी संपला. त्याआधी निघायला लीलाताई तयार नव्हत्या. ठरलं असं, की शनिवारी निघायचं, मुक्काम सावर्ड्याला ओगल्यांकडे, आणि रविवारी, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, आंजर्ले. गुरुवारी संध्याकाळी वरद चाक आणायला वर काकांकडे गेला. दाराला कुलूप होतं.

"बुधवारीच गेले," गंगाकाकूंनी सांगितलं. "त्यांची लेक उर्वी बाळंत झाली ना मुंबईला. मुलगा झाला. तीन किलो."

वरदने मुंबईला फोन लावला. काकांचा आवाज आनंदी होता, पण डळमळीत नव्हता. "चाक? अरे, ठरावाने जमा झालंय ते ठरावानेच सुटणार. मी आलो की सभा घेऊ. पंधरा दिवसांत."

"काका, रविवारी मुदत संपते."

"अर्ज करून ठेव."

चाक विकत घ्यावं, तर ती सायकल मामाने मस्कतहून आणलेली. चाक सत्तावीस इंची. रत्नागिरीत अठ्ठावीसचं मिळत होतं, सव्वीसचं मिळत होतं. दुसऱ्याची सायकल घ्यावी, तर लीलाताईंनी नवसात "त्याच सायकलने" म्हटलेलं, आणि देवाशी बोललेलं त्या फिरवणार नव्हत्या. शुक्रवारी दुपारी वरद शिवाच्या वर्कशॉपमध्ये सत्तावीस इंची काही करता येतं का, हे विचारायला गेला. शिवा एक मोठं लोखंडी गेट टेम्पोत चढवत होता.

"चाकाचा नाप शिवाला पण नाय जमायचा," तो म्हणाला. "पण मी उद्या हा गेट घेऊन दापोलीला निघालोय. सायकल स्टँडसकट टेम्पोत टाका. तुमी वर बसा आन् मारत ऱ्हा. दापोलीच्या म्होरं आंजर्ल्याला सोडतो."

वरदने त्याला समजावलं, की टेम्पो पुढे जाणं आणि सायकल चालणं या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. सायकल टेम्पोच्या दृष्टीने स्थिरच राहील. शिवाने ऐकून घेतलं. लीलाताईंनी घरी ऐकूनही घेतलं नाही.

"सायकल तीच ना? पाय तुझेच ना? रत्नागिरीहून आंजर्ल्यालाच जाणार ना? मग झालं तर. मात्र देवाला फसवायचं नाही. टेम्पो जेवढे किलोमीटर जाईल तेवढे तुझ्या मीटरवर दिसले पाहिजेत. एक कमी चालणार नाही."

शनिवारी सकाळी आठला ते निघाले. पुढे शिवा, शेजारी मांडीवर नारळाची पिशवी घेऊन लीलाताई, मागे गेटाला दोरखंडाने बांधलेला स्टँड, चिऱ्यावर टेकलेली सायकल आणि तिच्यावर वरद. छुम छुम छुम छुम. हातखंब्यापर्यंत त्याने मान वर केली नाही. वर केली तेव्हा मागे एक एसटी होती आणि तिच्या पुढच्या काचेतून ड्रायव्हर-कंडक्टर दोघेही त्याच्याकडे बघत होते. चढ आला की टेम्पो हळू व्हायचा आणि एसटीतली माणसं खिडकीतून ओरडायची, "मारा, मारा, चढलाच!" लोकांचा समज झाला होता, की टेम्पो तोच चालवतोय. संगमेश्वरला एका गृहस्थाने हात करून टेम्पो थांबवला आणि सांगितलं, "एक फुल. बर्फ नको."

मग चूक लक्षात आली. टेम्पो ताशी तीसने जात होता आणि वरद ताशी एकवीसने. साडेदहाच्या सुमारास टेम्पो सावर्ड्यात ओगल्यांच्या दारात उभा राहिला. शिवाच्या टेम्पोने बहात्तर किलोमीटर केले होते. वरदच्या मीटरवर एक्कावन्न होते.

ओगल्यांकडची सगळी माणसं अंगणात आली होती. शेजारचीही होती. आप्पा पायरीवर खुर्ची टाकून बसले होते. वरद उतरायला लागला.

"बस खाली," लीलाताई टेम्पोतून म्हणाल्या. "एकवीस राहिलेत."

"आई, आपण पोचलोय."

"टेम्पो पोचलाय. तू संगमेश्वर सोडून जरा पुढे आहेस."

शास्त्रीयदृष्ट्या त्याला यात खोट काढता येईना. त्याने पुन्हा पाय टाकले. भावी सासुरवाडीच्या दारात, उभ्या टेम्पोत, गेटाला बांधलेल्या एकचाकी सायकलवर घुंगरांच्या तालात एक तास पायटे मारण्याइतकी प्रतिष्ठा माणसाकडे सहसा शिल्लक नसते. वरदकडे होती तेवढी त्याने त्या तासात वापरली. अंगणात चर्चा सुरू होती. कोणी म्हणालं, मुलगा बरा आहे पण काहीतरी आहे. कोणी म्हणालं, पुण्याचं स्थळ अजून आहे ना? आप्पांनी फक्त एकदा घड्याळ बघितलं.

आंजर्ल्याचं इथेच सांगून टाकलेलं बरं, कारण तिथे सगळं सुरळीत झालं. रविवारी खेड आणि दापोलीला थोडं थोडं थांबून शिवाने टेम्पो बरोबर मीटरच्या हिशोबाने चालवला, संध्याकाळी पाचला डोंगराच्या पायथ्याशी एकशे बहात्तर पूर्ण झाले, आणि वरचा चढ वरद सायकल खांद्यावर घेऊन चालत गेला. चाक एकच असल्याने ती हलकी होती. नवस वेळेत फिटला. पण तो फिटला म्हणून लग्न ठरलं असं कोणी म्हणत असेल, तर ते बरोबर नाही.

सावर्ड्यात वरदला तेरा किलोमीटर राहिले असताना वैदेही टेम्पोपाशी आली. तिने सायकल बघितली, रूळ बघितला, रुळावरून फिरणाऱ्या मुंग्या बघितल्या.

"किती राहिले?"

"तेरा."

"म्हणजे आरवली."

"हो. जवळजवळ आरवलीतच."

"हवा कशी आहे तिथे?"

वरदने तिच्याकडे बघितलं. ती हसत नव्हती. "ऊन आहे," तो म्हणाला. "पण रस्ता सपाट आहे."

"बरं. मला आत काम आहे. सावर्ड्याला पोचलात की हाक मारा." आणि ती खरोखरच आत गेली.

सव्वाअकरा वाजले, साडेअकराला पाच मिनिटं राहिली. मीटरवर एक्काहत्तर पूर्णांक नऊ आले, मग बहात्तर. घुंगरं थांबली. इतक्या वेळाने शांतता झाली, तेव्हा कोणीतरी दचकलं. आप्पा खुर्चीतून उठले, टेम्पोपाशी आले, खिशातून चष्मा काढला आणि वाकून मीटर वाचला. मग शिवाला विचारलं, "तुमचा किती?"

"बहात्तर, आप्पा."

आप्पांनी चष्मा मिटला. "चाळीस वर्षं मोजणी केली," ते लीलाताईंना म्हणाले. "दोन्ही बाजूंचे आकडे जुळलेले आज पहिल्यांदा बघतोय. तारीख काढा."

वरदला हे ऐकू आलं, पण त्याचं एक काम राहिलं होतं. त्याने घराकडे तोंड करून हाक मारली, "वैदेही, पोचलो!"

ती गूळ आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, लांबून आलेल्या माणसासाठी आणतात तसा. त्याने या वेळी पाणी न थांबता प्यायलं.

"या," ती म्हणाली. "वाटेत काही त्रास नाही ना झाला?"

"नाही," वरद म्हणाला. "आरवलीला एक मुलगी भेटली. तिच्याशी बोलण्यात दोन मिनिटं गेली. नाहीतर लवकरच आलो असतो."